चित्रफीत-संपादन आज्ञावली : सामायिक संगणक प्रयोगशाळेतील मांडणी

कॅमेऱ्याने किंवा मोबाइल दूरध्वनीने मुद्रित केलेली चित्रे व ध्वनी संगणकावर तोडणे, जोडणे, त्यांचा क्रम लावणे, त्यांवर शीर्षके घालणे व अखेरीस सलग चित्रफीत तयार करणे या कामांसाठी जो संगणकीय कार्यक्रमसंच वापरतात, त्यास चित्रफीत-संपादन आज्ञावली म्हणतात. एकाच व्यक्तीच्या ताब्यातील संगणकावर अशी आज्ञावली बसविणे अवघड नसते. शाळा व महाविद्यालये यांच्या प्रयोगशाळांत मात्र एकच संगणक दिवसभरात अनेक विद्यार्थी आळीपाळीने वापरतात आणि तोच विद्यार्थी दुसऱ्या दिवशी बहुधा दुसऱ्याच संगणकावर बसतो. त्यामुळे तेथे आज्ञावली, वापरणाऱ्याने केलेली निवड म्हणजेच सेटिंग आणि मुद्रित साहित्य या तीन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवाव्या लागतात. हे अलगीकरण नीट साधले नाही, तर आज्ञावली उत्तम असूनही विद्यार्थ्यांचे काम नष्ट होते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांसारख्या ग्रामीण भागात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तेथे बहुतेक विद्यार्थ्यांना असे काम करण्यास शाळा-महाविद्यालयातील सामायिक संगणक हेच साधन उपलब्ध असते आणि परिसरात मुद्रित करून ठेवण्याजोगे बरेच काही आहे.

ऐतिहासिक आढावा : चित्रपटाच्या आरंभकाळी संपादन हे हाताचे काम होते. फिल्म कापून तिचे तुकडे चिकटविण्यात येत. १९२४ मध्ये मूव्हिओला हे संपादनयंत्र प्रचारात आले व पुढे स्टीनबेकसारखी सपाट मेजाची यंत्रे रूढ झाली. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आली. तिच्याच आवारात १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली. आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था या नावाने ती ओळखली जाते. तेथील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या अशा मेजांवर संपादन शिकल्या.

या जुन्या पद्धतीतील एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. मेज सर्वांचे असे, पण प्रत्येकाची फिल्म स्वतंत्र डब्यात व नाव लिहून ठेवलेली असे. काम संपले की डबा फडताळात जाई व मेज दुसऱ्यासाठी मोकळे होई. म्हणजेच साधन व साहित्य ही स्वभावतःच अलग होती. संगणकाने ही दोन्ही एकाच पेटीत आणली. सामायिक प्रयोगशाळेतील बहुतेक अडचणींचे मूळ यात आहे.

संगणकाच्या साहाय्याने, साहित्याला हात न लावता, हवा तो भाग हव्या त्या क्रमाने पाहण्याची सोय प्रथम सीएमएक्स-६०० या यंत्राने १९७१ मध्ये केली. ते यंत्र फार खर्चिक होते. १९८९ मध्ये ॲव्हिड व १९९१ मध्ये ॲडोबी प्रीमियर या प्रणाली आल्यावर असे संपादन व्यक्तिगत संगणकाच्या आवाक्यात आले. पुढे केडेनलाइव्ह (२००२), ओपनशॉट (२००८) यांसारख्या मुक्त आज्ञावल्या तयार झाल्या. मोबाइल दूरध्वनीतील कॅमेरा सर्वत्र पोहोचल्यावर मुद्रणाचा खर्चही नगण्य झाला आणि संपादन हा सामान्य शाळेच्या कक्षेतील विषय बनला. केरळ राज्यातील शाळांतून मुक्त परिचालन प्रणालीचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. तेथे २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी मंडळांना चित्रफीत-संपादनही शिकविण्यात येते.

प्रकल्प-फाइलीचे स्वरूप : संपादन सुरू केल्यावर आज्ञावली जी फाइल जतन करते तिला प्रकल्प-फाइल म्हणतात. या फाइलीत चित्रे किंवा ध्वनी नसतात, असा अनुभव नसलेल्यांस सहसा अंदाज येत नाही. तीत केवळ सूचना असतात : अमुक ठिकाणच्या अमुक फाइलीतील बाराव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंतचा भाग घ्यावा, त्यापुढे तमुक भाग जोडावा, ध्वनी इतका कमी करावा, इत्यादी. ही फाइल म्हणूनच आकाराने अगदी लहान असते. मूळ साहित्यात ती कोणताही बदल करीत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. तोच सामायिक संगणकावर दोष ठरतो. कारण सूचनांतील पत्त्यावर साहित्य सापडले नाही, तर प्रकल्प-फाइल निरुपयोगी होते.

उदा., घोडेगाव येथील एखाद्या विद्यार्थ्याने पेन ड्राइव्हवरील मुद्रण थेट संपादनास घेतले व प्रकल्प-फाइल संगणकावर ठेवली, असे समजू. पेन ड्राइव्ह काढताच पत्ता रिकामा होतो. दुसऱ्या दिवशी तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकास लावला, तर त्याला निराळे अक्षर मिळू शकते व पत्ता पुन्हा चुकतो. कालपट्टीवर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसू लागतात. विद्यार्थ्यास काम पुसले गेले असे वाटते. वास्तविक काम शिल्लक असते, हरवलेला असतो तो केवळ पत्ता.

यावर उपाय दोन. पहिला, प्रत्येक गटासाठी एकच फोल्डर ठेवून त्यात मूळ मुद्रणे, ध्वनी, छायाचित्रे, शीर्षके व प्रकल्प-फाइल ही सर्व ठेवणे आणि संपादनास आरंभ करण्यापूर्वीच साहित्य तेथे उतरविणे. दुसरा, या फोल्डरचा पत्ता सर्व संगणकांवर तंतोतंत एकच राहील अशी व्यवस्था करणे. विंडोज प्रणालीत सामायिक साठ्याला सर्व यंत्रांवर एकच अक्षर नेमून देता येते. लिनक्स प्रणालीत तो साठा सर्व यंत्रांवर एकाच नावाच्या जागी जोडता येतो. ही दोन पथ्ये पाळल्यास विद्यार्थी कोणत्याही संगणकावर बसला, तरी त्याचे काम जसेच्या तसे उघडते.

साहित्याचे आकारमान : संपादनाचे साहित्य इतर शालेय कामाच्या मानाने प्रचंड मोठे असते. हल्ली प्रचलित असलेल्या चित्रचौकटीत १,९२० × १,०८० म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास एका चौकटीचे सु. ६.२ मेगाबाइट, सेकंदाला २५ चौकटींप्रमाणे सु. १५५ मेगाबाइट व एका मिनिटाचे सु. ९.३ गिगाबाइट होतात. इतकी माहिती साठविणे परवडत नाही, म्हणून कॅमेरा तिचे संपीडन करतो. संपीडित मुद्रणास सेकंदाला २ मेगाबाइट लागतात असे धरले, तर तासाच्या मुद्रणास ७.२ गिगाबाइट पुरतात.

या संपीडनाची किंमत संपादनाच्या वेळी मोजावी लागते. संपीडन करताना काही चौकटीच पूर्ण साठविल्या जातात. मधल्या चौकटींच्या बाबतीत शेजारच्या चौकटींहून असलेला फरक तेवढा नोंदविला जातो. त्यामुळे मधली एखादी चौकट दाखवायची झाल्यास संगणकाला मागच्या पूर्ण चौकटीपासून हिशेब करीत यावे लागते. चित्रफीत नुसती पाहताना सुरळीत चालणारा जुना संगणक संपादनात अडखळतो, तो यामुळे. त्यासाठी निदान ८ गिगाबाइट स्मृती व परिचालन प्रणालीकरिता घन-अवस्था डिस्क असावी.

यंत्रे जुनी असल्यास प्रतिनिधी प्रतींची पद्धत उपयुक्त ठरते. मूळ मुद्रणाची कमी आकारमानाची प्रत तयार करून संपादन तिच्यावर करावयाचे व अंतिम चित्रफीत मात्र मूळ मुद्रणापासून काढावयाची, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. ६४० × ३६० या मापाच्या प्रतीत चित्रबिंदूंची संख्या मूळच्या नेमकी एक-नवमांश होते. बहुतेक आज्ञावल्यांत ही सोय असते. प्रयोगशाळेत ती आरंभापासूनच चालू ठेवावी.

जाळ्यावरील भाराचाही हिशेब आधी करावा लागतो. २० संगणकांनी मध्यवर्ती सर्व्हरवरून प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबाइट मागितले, तर एकूण मागणी ४० मेगाबाइट होते. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या जुन्या जाळ्याची कमाल क्षमता १२.५ मेगाबाइटच असते. त्यामुळे असे जाळे कोलमडते. १,००० मेगाबिटांच्या जाळ्याची सैद्धांतिक क्षमता १२५ मेगाबाइट असल्याने ते पुरते. सेकंदाला पाव मेगाबाइट लागणाऱ्या प्रतिनिधी प्रती वापरल्यास एकूण मागणी ५ मेगाबाइटवर येते व जुने जाळेही चालू शकते. जेथे जाळे अजिबात भरवशाचे नाही, तेथे प्रत्येक गटाला एक ठरावीक संगणक नेमून देणे हेच श्रेयस्कर.

मोबाइलवरील मुद्रणात आणखी एक दोष आढळतो. प्रकाश कमी-अधिक झाल्यास किंवा उपकरणावर भार आल्यास मोबाइल चौकटींचा वेग बदलतो. अशा मुद्रणाचे संपादन करताना ओठांची हालचाल व ध्वनी यांचा मेळ हळूहळू सुटतो. साहित्य उतरविताना त्याचे स्थिर वेगाच्या मुद्रणात रूपांतर करून घेतल्यास हा दोष टळतो.

आज्ञावलीची निवड : सामायिक प्रयोगशाळेसाठी आज्ञावली निवडताना तिच्यातील चमत्कृतींपेक्षा परवान्याच्या अटी, यंत्राची क्षमता व शिकविण्याची सोय पाहावी. वर्गणी भरून घेतलेल्या कित्येक आज्ञावल्यांचा परवाना व्यक्तीच्या खात्याशी निगडित असतो व तो इंटरनेटवरून तपासला जातो. अशा खात्याचा परवलीचा शब्द सर्व वर्गाला सांगणे हे बहुधा परवान्याच्या अटींविरुद्ध असते. शिवाय त्यामुळे कोणीही कोणाचे काम बदलू शकतो. अशा वेळी यंत्रासाठी दिला जाणारा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. काही व्यावसायिक प्रणाली विनामूल्य मिळतात, पण त्यांना बलवान चित्रप्रक्रियक लागतो.

केडेनलाइव्ह, शॉटकट व ओपनशॉट या मुक्त आज्ञावल्या कितीही यंत्रांवर बसविता येतात, त्यांना खाते लागत नाही व त्या विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींवर चालतात. विद्यार्थ्याला तीच आज्ञावली घरच्या किंवा पुढे नोकरीच्या ठिकाणच्या संगणकावर कायदेशीर रीत्या वापरता येते, हा त्यांचा शैक्षणिक दृष्ट्या मोठा लाभ होय. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात मुक्त आज्ञावल्यांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. निवड कोणतीही असो, सर्व यंत्रांवर आज्ञावलीची आवृत्ती एकच असली पाहिजे. नव्या आवृत्तीत जतन केलेली प्रकल्प-फाइल जुन्या आवृत्तीत उघडेलच असे नाही. आज्ञावलीचे आपोआप होणारे अद्ययावतीकरण यासाठीच बंद ठेवतात व ते सत्राच्या अखेरीस सर्व यंत्रांवर एकदम करतात.

बसविण्याची रीत : प्रथम एकच संगणक नमुना म्हणून सिद्ध करतात. त्यावर परिचालन प्रणाली, संपादन आज्ञावली, आवश्यक टंक व चित्रफीत दाखविणारा कार्यक्रम प्रशासक खात्यातून बसवितात. चौकटींचा वेग, चित्राचे माप, प्रतिनिधी प्रती व साठवणीची जागा यांची सेटिंग एकदाच ठरवून ती नव्या खात्यांना आपोआप मिळतील अशी व्यवस्था करतात. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या सामान्य खात्यातून प्रवेश करून एक लहान चित्रफीत आरंभापासून अखेरपर्यंत तयार करून पाहतात. ही चाचणी अत्यावश्यक आहे. प्रशासक खात्यात सुरळीत चालणारी आज्ञावली सामान्य खात्यात लिहिण्याची परवानगी नसल्याने अडते, असे वारंवार घडते. चाचणी यशस्वी झाल्यावर संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेऊन ती समान घडणीच्या इतर यंत्रांवर उतरवितात. क्लोनझिला यासारखी मुक्त साधने या कामी उपयोगी पडतात.

आज्ञावली काम करीत असताना ध्वनीचे आलेख, लघुचित्रे व तात्पुरत्या चित्रफिती तयार करून ठेवते. हा तात्पुरता साठा स्थानिक डिस्कवर ठेवावा व तो ठरावीक मुदतीने पुसावा. तो पुसला तरी पुन्हा तयार होतो. तो विद्यार्थ्याच्या खात्याबरोबर जाळ्यावरून फिरू दिल्यास प्रवेश करण्यासच बराच वेळ लागतो. याउलट मूळ मुद्रणे पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून काय पुसण्यायोग्य व काय नाही, हे फोल्डरच्या नावांवरूनच स्पष्ट असावे.

अनेक प्रयोगशाळांत विषाणू व अनिष्ट बदल टाळण्यासाठी संगणक पुन्हा सुरू होताच तो मूळ स्थितीत आणणारी योजना वापरतात. ती देखभालीस सोयीची असते. परंतु तिच्या कक्षेतील डिस्कवर ठेवलेले सर्व काम त्याबरोबर नाहीसे होते. वीज क्षणभर गेली तरी हाच परिणाम होतो. ही योजना केवळ प्रणालीच्या भागापुरती लागू करून साहित्यासाठी डिस्कचा स्वतंत्र भाग किंवा सर्व्हरवरील जागा मोकळी ठेवावी आणि तशी सूचना प्रत्येक यंत्रावर ठळकपणे लावावी.

मराठी शीर्षके : देवनागरी लिपीतील जोडाक्षरे व मात्रा योग्य जागी बसण्यासाठी युनिकोड टंक व त्यांची मांडणी जाणणारी आज्ञावली या दोन्हींची आवश्यकता असते. प्रकल्प-फाइलीत टंकाचे केवळ नाव नोंदलेले असते. तो टंक दुसऱ्या यंत्रावर नसल्यास त्याच्या जागी भलताच टंक येतो व ओळी सरकतात. म्हणून मुक्त, नोटो सान्स देवनागरी यांसारखे मुक्त परवान्याचे दोन-तीन टंक सर्व यंत्रांवर बसवून तेवढेच वापरण्याचा नियम करावा. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर संपादन आज्ञावलीत निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. तो आधी रूपांतरित करावा. निवडलेल्या टंकात मराठीतील ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ही अक्षरे नीट उमटतात किंवा नाही, हेही तपासावे.

जुन्नर-आंबेगाव परिसरातील विशेष : या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांत असून तेथे पावसाळ्यात वीज वारंवार खंडित होते. त्यामुळे निदान सर्व्हर व साठ्याच्या डिस्क यांना अखंड वीजपुरवठ्याचे साधन जोडणे आवश्यक ठरते. आज्ञावलीतील आपोआप राखीव प्रत घेण्याची सोय चालू ठेवून तिचे अंतर काही मिनिटांचेच ठेवावे. अंतिम चित्रफीत तयार करण्याच्या क्रियेस रेंडरिंग म्हणतात. तिला बराच वेळ लागतो. वर्ग सुटण्याच्या सुमारास सर्वांनी एकदम ती सुरू केल्यास कामे अर्धवट राहतात. म्हणून प्रयोगशाळा मोकळी असतानाच्या वेळेत ती क्रमाने करावी.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० ॲंटेना सु. २५ किमी. विस्तारात मांडून ती उभारलेली आहे. आकाशातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ तरंग ती टिपते. संगणकांचे स्विच-पद्धतीचे वीजपुरवठे व निकृष्ट केबली यांपासूनही त्याच कंप्रता पट्ट्यांत गोंगाट निर्माण होऊ शकतो. दुर्बिणीच्या शेजारच्या गावांतील प्रयोगशाळांनी प्रमाणित वीजपुरवठे, झाकणे बसविलेल्या धातूच्या पेट्या व योग्य भूसंपर्कन यांचा अवलंब करणे दोन्ही दृष्टींनी हिताचे आहे. त्याने ध्वनिमुद्रणातील घरघरही कमी होते.

मुद्रित करण्याजोगे विषय या भागात विपुल आहेत. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. शिवनेरी, लेण्याद्री व नाणेघाट ही स्थळे सर्वश्रुत आहेत. नारायणगाव ही तमाशाची पंढरी समजली जाते. गावोगावच्या यात्रांच्या हंगामापूर्वी तेथे फडमालकांच्या राहुट्या लागून सुपाऱ्या ठरतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) या विख्यात कलावती याच परंपरेतील होत. पश्चिमेकडील महादेव कोळी व ठाकर समाजांतील वयोवृद्धांची बोली, गाणी आणि हिरडा गोळा करण्यासारखे व्यवसाय यांच्याही नोंदी विद्यार्थ्यांना करता येतात.

अशी साधने पुन्हा मिळतीलच असे नसते. आंबेगाव हे ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गावाचे रूप, घरे, रस्ते आणि माणसांचे आवाज किती अल्पावधीत नाहीसे होऊ शकतात, हे यांवरून दिसते. एखाद्या वृद्धेचे कथन विद्यार्थ्याने मुद्रित केले व प्रयोगशाळेच्या साफसफाईत ते पुसले गेले, तर झालेली हानी एका गृहपाठापुरती राहत नाही.

जतन व जबाबदारी : वर्षाच्या आरंभी जागेचा अंदाज बांधावा. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात चौघांचा एक याप्रमाणे १० गट केल्यास व प्रत्येक गटाने दोन तासांचे मुद्रण केल्यास मूळ साहित्यच १४४ गिगाबाइट होते. प्रतिनिधी प्रती, अंतिम चित्रफिती व राखीव प्रत धरून याच्या तिप्पट तरी जागा हाताशी असावी. राखीव प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क वेगळ्या खोलीत ठेवावी. मोबाइलमधील मूळ मुद्रण दोन ठिकाणी उतरल्याची खात्री होईपर्यंत पुसू नये.

काम पूर्ण झाल्यावर केवळ अंतिम चित्रफीत ठेवणे पुरेसे नाही. प्रकल्पातील सर्व फाइली एकत्र करणारी आज्ञा अनेक संपादन आज्ञावल्यांत असते. तिच्या साहाय्याने मूळ साहित्यासह प्रकल्प जतन करावा. त्यासोबत साध्या मजकुराच्या फाइलीत स्थळ, दिनांक, मुद्रण करणाऱ्यांची नावे, बोलणाऱ्या व्यक्तीची ओळख व तिने दिलेली संमती यांची नोंद ठेवावी. ज्यांचे बोलणे मुद्रित केले त्यांच्या संमतीविना ते प्रसृत करू नये व दुसऱ्या गटाच्या विद्यार्थ्यांनाही ते सहज उघडता येऊ नये, यासाठी प्रत्येक गटाच्या फोल्डरला स्वतंत्र परवानगी द्यावी. प्रयोगशाळेची साफसफाई करण्यापूर्वी ठरावीक मुदतीची सूचना लावून व संबंधित शिक्षकाची लेखी अनुमती घेऊनच साहित्य पुसावे.

ही सर्व व्यवस्था लावण्यास महागडी यंत्रसामग्री लागत नाही. समान आवृत्ती, समान पत्ता, पुरेशी जागा व राखीव प्रत या चार गोष्टी सांभाळल्यास जुन्या संगणकांच्या प्रयोगशाळेतही चित्रफीत-संपादन समाधानकारक रीत्या शिकविता येते.